दमट गोव्यात व्हेंटिलेटरवरच्या माणसाला वेगळा ओलावा का लागतो?

प्रश्न असा आहे. डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचे वडील माडावरून पडले आणि मानेच्या मणक्याला इजा झाली. आता ते ट्रॅकिओस्टोमीच्या, म्हणजे गळ्याला छिद्र करून श्वासनलिकेत बसवलेल्या, नळीतून घरच्या व्हेंटिलेटरवर आहेत. मशीनसोबत हवा ओली करणारा गरम पाण्याचा ह्युमिडिफायर मिळाला आहे आणि गळ्याजवळ लावायचे छोटे 'फिल्टर'ही. दिवसा फक्त फिल्टर असतो, आणि बाबांना चार शब्द बोलता यावेत म्हणून नळीभोवतीच्या, श्वासनलिका बंद करणाऱ्या फुग्यातली हवा सोडून ठेवतात. रात्री ह्युमिडिफायर चालू करतात, पण जंतू जाऊ नयेत म्हणून फिल्टर तसाच ठेवतात. दिवसा सक्शनमध्ये, म्हणजे नळीतला कफ यंत्रानं ओढून काढताना, चिकट कफ येतो, मधूनच वाळलेल्या खपल्या आणि रक्ताचा तांबूस धागाही. रात्री पाईपमध्ये पाणी साचतं आणि प्रेशरचा अलार्म वाजतो. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, गोव्याची हवा आधीच एवढी दमट, मग वीज खाणारं ते यंत्र हवंच कशाला?

ताई, बाकीचं उत्तर सवडीनं वाचा, पण एक गोष्ट आजच करा. ह्युमिडिफायर चालू असेल तेव्हा गळ्याजवळचा तो फिल्टर काढलेला असलाच पाहिजे. दोन्ही एकाच वेळी कधीही नाही. तुम्ही ज्याला फिल्टर म्हणता ते बहुधा एचएमई (हीट अँड मॉइश्चर एक्स्चेंजर) आहे, श्वासातली उष्णता आणि ओलावा धरून परत देणारं. त्याच्या आत कागद किंवा फोम असतो आणि त्याचं कामच पाणी धरून ठेवण्याचं. त्यावर यंत्रातून आलेली वाफेनं भरलेली हवा रात्रभर सोडली की तो भिजून जड होतो आणि हवेची वाट अडते. तुमचा रात्रीचा अलार्म मला आधी तिथलाच वाटतो. असा भिजलेला एचएमई पूर्ण तुंबू शकतो. तुमच्या वडिलांना जोर लावून श्वास घेता येत नाही, त्यामुळे ही बाब सकाळपर्यंत लांबवण्यासारखी नाही. काढल्यावर जोड घट्ट बसवा आणि मशीनच्या पडद्यावर दर श्वासाची हवा पूर्वीएवढी दिसते आहे ना, ते पाहा. जंतूंसाठीचा चपटा फिल्टर मशीनच्या तोंडाशी, ह्युमिडिफायरच्या अलीकडे बसतो. तो तिथेच राहू द्या. तो ओलावा देत नाही आणि त्याला वाफेची बाधाही होत नाही.

आता दमट हवेबद्दल. हा प्रश्न मला नातेवाईकच नव्हे, नवे डॉक्टर आणि सिस्टरही विचारतात, म्हणून जरा आकडे मांडतो.

आपण नाकानं श्वास घेतो तेव्हा नाक आणि घसा हवा गरम करतात, ओली करतात. श्वासनलिका दोन फाट्यांत विभागते त्याच्या थोडं खाली पोचेपर्यंत ती ३७ अंशांवर येते आणि पाण्यानं पूर्ण भरलेली असते. म्हणजे दर लिटर हवेत सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी. जुलैतल्या पावसात गोव्यात २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली तर दर लिटरला पाणी असतं जेमतेम २२ मिलिग्रॅम. आपल्याला ती हवा चिकट, ओलीचिंब वाटते, कारण २७ अंशांना ती जवळपास भरलेली असते. छातीत जाऊन ३७ अंशांना तापली की तीच हवा अर्धी रिकामी ठरते. एसी लावलेल्या खोलीत, २४ अंश आणि ५० टक्क्यांना, हिशेब ११ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. इस्पितळाच्या भिंतीतल्या पाईपमधून येणारा ऑक्सिजन तर जवळजवळ कोरडाच असतो. म्हणून आयसीयूत बाहेर मृग कोसळत असला तरी व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या दृष्टीनं ते वाळवंटच. घरचं मशीन आतल्या पंख्यानं खोलीचीच हवा ओढतं, तेवढा तुमचा फायदा. पण त्यात कॉन्सन्ट्रेटरचा (खोलीच्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्राचा) ऑक्सिजन मिसळत असाल तर तोही कोरडा असतो, हे ध्यानात ठेवा.

नळी गळ्यात असल्यामुळे नाक आणि घसा वाटेतच नाहीत. मग कमी पडलेलं पाणी हवा श्वासनलिकेच्या अस्तराकडून घेते. मिनिटाला ८ लिटर श्वास धरला तर दिवसाला साधारण ११,५०० लिटर हवा होते. दर लिटरला २२ मिलिग्रॅमची तूट म्हणजे दिवसाकाठी पाव लिटर पाणी. ज्या अस्तराला हे काम कधी करावंच लागलं नव्हतं, त्याच्याकडून ही वसुली होते. त्या अस्तरावर बारीक लव असते आणि ती कफाचा पातळ थर सतत वर ढकलत असते. थर सुकला की लव अडखळते, कफ फणसाच्या चिकासारखा चिवट होतो, नळीच्या आत त्याची पुटं बसतात. खपल्या आणि तांबूस धागा ही अस्तर सोलवटल्याची खूण. मणक्याच्या इजेमुळे बाबांना जोरात खोकता येत नाही. खोकणारा माणूस चिकट कफही कसाबसा बाहेर टाकतो, त्यांना मात्र कफ पातळ राहण्यावरच अवलंबून राहावं लागतं. म्हणून मोठ्यांना सांगा: गोव्याच्या दमटपणानं गरज निम्म्यावर येते, संपत नाही.

खपल्या मात्र दिवसा दिसतात, आणि त्याचं कारण तुमच्याच वर्णनात आहे. एचएमई पाणी तयार करत नाही. बाहेर जाणाऱ्या श्वासातला ओलावा आणि उष्णता तो धरून ठेवतो आणि पुढच्या श्वासाला परत देतो. चांगला एचएमई दर लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत परत देतो, आणि बऱ्याच पेशंटना तेवढं पुरतं. पण त्यासाठी बाहेरचा श्वास त्याच्यातून गेला पाहिजे. तुम्ही फुगा सोडता तेव्हा बराचसा श्वास स्वरयंत्रातून तोंडावाटे निघून जातो. बोलता येतं ते त्यामुळेच. एचएमईपर्यंत फारच थोडा पोचतो आणि तो जवळजवळ कोरडा कागद होऊन बसतो. आत गेलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी हवा परत येत असेल तर एचएमईवर भिस्त ठेवू नये, हा आमच्या कामातला पक्का नियम. तुमचं सर्किट, म्हणजे मशीनपासून गळ्यापर्यंतची पाईपची जोडणी, एका पाईपचं असेल आणि त्याला हवा सोडणारं छिद्र किंवा झडप असेल, तर एचएमई गळा आणि ते छिद्र यांच्या मध्ये बसला पाहिजे. छिद्राच्या पलीकडे लावला तर तो शोभेचाच.

घराघरांतून दिसणारी आणखी एक सवय सांगतो: एचएमई धुऊन परत वापरणं. पैसे वाचवायची तळमळ मला कळते, महिन्याचा खर्च लहान नसतो. पण कागदावर ओलावा धरणारा क्षार लावलेला असतो, तो पहिल्याच धुण्यात जातो. पाकिटावरची मुदत पाळा. कफ उडून बसला असेल तर मुदत न बघता तो बदला. आणि नेब्युलायझर देताना एचएमई काढा, नाहीतर औषध त्यातच अडकतं आणि तोही तुंबतो.

मग गरम पाण्याचं यंत्र बरं की एचएमई? आयसीयूत या वादावर बराच अभ्यास झाला आहे. २०१७ साली कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेनं सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मृत्यू, न्यूमोनिया किंवा नळी तुंबणं यांत दोन्हींत एकूण ठळक फरक दिसला नाही. मात्र एचएमईच्या पोकळीतली हवा पुन्हा आत ओढली जाते, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त राहतो. पण या निष्कर्षाचा अर्थ कुणालाही काहीही लावा असा मी घेत नाही. ऑपरेशननंतर एखाद-दुसरा दिवस व्हेंटिलेटर, स्कॅनला नेणं, ॲम्ब्युलन्समधला प्रवास, तिथे एचएमई उत्तम. कफ दाट, भरपूर किंवा रक्ताळलेला असेल, अंग ३२ अंशांखाली गार पडलं असेल, मिनिटाचा श्वास १० लिटरवर गेला असेल, किंवा फुप्फुसं ताठ झाल्यामुळे अगदी छोटे श्वास दिले जात असतील, तर मी थेट गरम ह्युमिडिफायरवर जातो. कोविडच्या काळात हवेत कण उडू नयेत म्हणून अनेक ठिकाणी एचएमईला पसंती मिळाली, आणि दिवसेंदिवस व्हेंटिलेटरवर असलेल्यांच्या नळ्या तुंबल्याच्या नोंदी जगभरातून आल्या.

तुमच्या घरापुरतं माझं मत असं: रात्री, आणि दिवसाही फुगा सोडलेला असेल तेव्हा, गरम ह्युमिडिफायर. व्हीलचेअरवर अंगणात नेताना, बांबोळीला इस्पितळात तपासणीला जाताना आणि वीज गेल्यावर एचएमई, तेव्हा फुगा भरलेला. दोन आठवडे असं करा आणि कफ कसा बदलतो ते वहीत लिहा. तुमच्या डॉक्टरांना ही वही कुठल्याही रिपोर्टइतकीच उपयोगी पडेल.

आता ह्युमिडिफायरच्या पडद्यावरच्या आकड्याबद्दल, कारण अनुभवी माणसंही इथे फसतात. तो आकडा तापमानाचा आहे. ओलावा किती गेला हे यंत्र मोजत नाही. ट्रॅकिओस्टोमीसाठीच्या सेटिंगवर बऱ्याच यंत्रांत पाण्याच्या भांड्यातून निघताना हवा ३७ अंशांवर आणली जाते, आणि वाटेत ती गार होऊन पाणी गळू नये म्हणून पाईपमधली तार तिला ४० च्या आसपास नेते. मास्कसाठीचं सेटिंग वेगळं आणि बरंच खालचं असतं, ३१ आणि ३४ अंशांचं. मास्कच्या चित्राचं बटण चुकून दाबलं गेलंय का, ते आधी पाहा. गळ्यात नळी असलेल्याला तेवढा ओलावा पुरत नाही.

गोव्यात एप्रिल-मेमध्ये याच आकड्याचा दुसरा धोका असतो. पत्र्याच्या किंवा कौलारू घरात दुपारी खोली ३४-३५ अंशांवर जाते. मशीनचा पंखा हवा आणखी तापवतो. पाण्याच्या भांड्यात शिरतानाच हवा ३७ च्या जवळ असली, की यंत्राला वाटतं तापमान तर मिळालं, आणि खालची तवी तापायची थांबते. पाणी तापलं नाही तर वाफ होत नाही. पडद्यावर ३७ दिसतं, अलार्म नाही, आणि पेशंटला कोरडी गरम हवा जाते. उन्हाची तिरीप तापमानाच्या सेन्सरवर पडली तरी तेच. म्हणजे ज्या दिवसांत आपण घामानं निथळतो, त्याच दिवसांत यंत्र निकामी ठरू शकतं. खोली शक्य तेवढी गार ठेवा, मशीन खिडकीपासून दूर ठेवा. आकडे वर करायचे झाले तर डॉक्टरांना विचारूनच.

मग ओळखायचं कसं? गळ्याजवळच्या लवचिक जोडनळीकडे पाहा. आतून दव धरलेलं, बारीक थेंब दिसत असतील तर ओलावा पोचतो आहे. ती कोरडी ठक्क असेल तर पडद्यावर काहीही लिहिलेलं असो, विश्वास ठेवू नका. दुसरं, चोवीस तासांत पाणी किती संपलं ते लिहा. मघाचाच हिशेब: २२ ची तूट भरायला पाव लिटर, एसी लावला तर त्याहून जास्त, आणि सर्किटमधून हवा गळत असेल तर आणखी. सकाळी भरलेलं भांडं दुसऱ्या सकाळी तसंच असेल तर यंत्र काम करत नाही. तिसरं, सक्शननंतर कॅथेटर, म्हणजे कफ ओढायची बारीक नळी, बाहेर काढून तिच्यातून पाणी ओढा. कफ लगेच निघून गेला तर तो पातळ. पाणी ओढूनही आतल्या बाजूला चिकटून राहिला तर दाट. दाट कफाचं कारण दर वेळी कोरडी हवा नसते, संसर्ग असू शकतो किंवा पोटात जाणारं पाणी कमी पडत असेल. पण ओलावा तपासणं सगळ्यात सोपं, म्हणून तिथून सुरुवात करा. कफ सैल व्हावा म्हणून प्रत्येक सक्शनला नळीत सलाईनचे थेंब टाकायची सवय मात्र लावून घेऊ नका. त्यानं हवेचा कोरडेपणा भरून निघत नाही आणि नळीतले जंतू खाली ढकलले जाऊ शकतात.

कॅथेटर नळीतून खाली जातच नसेल तर ती निकडीची वेळ. आतली छोटी नळी काढून दुसरी स्वच्छ घाला. तरीही वाट मोकळी झाली नाही, किंवा नळीला आतली नळीच नसेल, तर एकानं लगेच १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्यानं मशीन सोडवून अँबू बॅगनं (हातानं दाबून श्वास द्यायच्या पिशवीनं) श्वास देऊन पाहावा. बॅग दाबली जात नसेल तर अख्खी नळी बदलावी लागते. ते तुम्हाला शिकवलं आहे का? नसेल तर पुढच्या भेटीत इस्पितळातून आग्रहानं शिकून घ्या, घरातल्या दोघांनी तरी. पलंगाशी त्याच मापाची आणि एक माप लहान अशी नळी ठेवा.

रात्रीचं पाईपमधलं पाणी पूर्ण बंद होणार नाही. गरम ओली हवा गार पाईपला लागली की थोडं दव धरणारच. फार साचत असेल तर एसीचा किंवा पंख्याचा झोत पाईपवर येतोय का पाहा. पाईपवर चादर किंवा टॉवेल मात्र गुंडाळू नका. आत तापलेली तार असते, पाईप वितळू शकतो, कातडी भाजू शकते. मशीन आणि पाण्याचं भांडं गळ्यापेक्षा खालच्या पातळीवर हवं. कितीतरी घरांत जागा वाचवायला मशीन उशाच्या फळीवर ठेवलेलं मी पाहिलंय. तसं असेल तर साचलेलं पाणी, किंवा भांड्याचा तरंगता खटका अडकून वर आलेलं पाणी, थेट छातीत उतरतं. कूस बदलण्याआधी पाईप सोडवून पाणी बादलीत टाका. पेशंटकडे नाही, आणि परत भांड्यातही नाही, कारण ते पाणी गळ्यातले जंतू घेऊन आलेलं असतं. पाईपमध्ये पाणी डुचमळलं तर मशीनला वाटतं पेशंटनंच श्वास मागितला, आणि ते भलत्या वेळी श्वास देत सुटतं. रात्री श्वासांचा आकडा अचानक वाढला तर आधी पाईप रिकामा करा.

भांड्यात निर्जंतुक पाण्याच्या बाटलीतलं पाणीच घाला. नळाचं नको, विहिरीचं तर नकोच, आणि आरओचं पाणी प्यायला चांगलं असलं तरी निर्जंतुक नसतं. सलाईन घातलं तर पाणी उडून मीठ भांड्यात साचतं. पेट्रोल पंपावर 'डिस्टिल्ड वॉटर' म्हणून मिळतं ते बॅटरीचं पाणी, तेही नको. एखाद्या रात्री बाटली संपलीच तर चांगलं उकळून, झाकून निववलेलं पाणी वापरा आणि सकाळी भांडं स्वच्छ करून बाटली आणा. अर्धवट भांड्यात वरून भर घालत राहू नका. जुनं ओतून नवं घाला.

मशीन मागच्या बाजूनं खोलीची हवा ओढतं, तिथली जाळी पावसाळ्यात लवकर माखते. ओलीनं भिंतींना बुरशी धरते, म्हणून मशीन भिंतीला टेकवू नका. जाळी धुतलीत तर पूर्ण सुकल्याशिवाय लावू नका. पावसात ती सुकायला वेळ घेते, म्हणून दोन ठेवा. चवथीत घर भरलेलं असतं, धूप-अगरबत्ती, बाहेर फटाके. त्या खोलीचं दार तेवढे दिवस लावलेलं असू द्या.

वीज गेली की मशीन स्वतःच्या बॅटरीवर चालतं, पण ह्युमिडिफायरचा हीटर त्यावर चालत नाही, आणि इन्व्हर्टरला जोडला तर तो इन्व्हर्टर फार लवकर रिकामा करतो. वीज थोड्या वेळात येणार असेल तर काही करू नका. लांबणार असं दिसलं तर फुगा भरा, ह्युमिडिफायर सर्किटमधून वगळा आणि एचएमई लावा. वीज आल्यावर उलट क्रमानं, आणि एचएमई काढायला विसरू नका. हे एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मशीनला चिकटवा, कारण रात्री तीन वाजता अंधारात हे करणारी व्यक्ती दर वेळी तुम्हीच असाल असं नाही.

राहिलं बाबांचं बोलणं. ते थांबवू नका. नुसता फुगा सोडून बोलण्याऐवजी सर्किटमध्ये बसणारा बोलण्याचा व्हॉल्व्ह त्यांना चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. तो हवा आत घेऊ देतो, बाहेर सोडत नाही, म्हणून श्वास पूर्णपणे स्वरयंत्रातून जातो आणि आवाज जास्त स्पष्ट येतो. त्याच कारणानं तो लावताना फुगा पूर्ण रिकामा असलाच पाहिजे. फुगा भरलेला राहिला तर हवा आत जाईल आणि बाहेर यायला वाटच उरणार नाही. एचएमई त्याच्यासोबत चालत नाही, गरम ह्युमिडिफायर चालतो. मशीनची सेटिंगही थोडी बदलावी लागते. म्हणून पहिल्यांदा तो घरी लावून पाहू नका. पुढच्या तपासणीला जाताना ह्युमिडिफायर आणि तुमचं रोजचं सर्किट गाडीत घ्या, म्हणजे तिथे त्याच जोडणीवर, डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट समोर असताना, व्हॉल्व्ह लावून बघता येईल.